काशाच्या वाट्या आणि बाईंचा आवाज

बाईंनी आयुष्यात कुणालाच हळू बोलून काही सांगितलं नव्हतं. त्या आमच्या भाईंदरच्या शाळेत शारीरिक शिक्षणाच्या बाई होत्या आणि मैदानावर त्यांनी 'सावधान' म्हटलं की कुंपणापलीकडून जाणारा भाजीवालासुद्धा हातगाडी सोडून क्षणभर ताठ उभा राहायचा. गळ्यात शिट्टी असायची, पण ती शोभेची. ती वाजवताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

पुढे लग्न होऊन मी भाईंदर पश्चिमेला ज्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, तिच्याच चौथ्या मजल्यावर बाई निघाल्या. सामान चढवत होतो तेव्हा वरून आवाज आला, "पाठ सरळ!" मी हातातली बादली जिन्यात ठेवली, पाठ सरळ केली आणि मगच वर बघितलं. नवरा म्हणाला, कोण गं ही? मी म्हटलं, आता कळेलच तुला.

कळायला वेळ लागला नाही. बाजारातून आल्या की बाई खालूनच हाक द्यायच्या, "अहो! पिशवी सोडा!" मग चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी हळूहळू खाली यायची. दोरी सोडणारे बाईंचे यजमान, म्हणजे काका, कधी चुकायचे नाहीत. "जरा उजवीकडे! बास! आता ओढा!" हे सगळं आमच्या खिडकीसमोरून वरखाली होत असायचं.

काकांना दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. पण हे मला तिथे राहायला आल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं, इतके ते घरात सहज वावरायचे. कारण बाईंचं दिवसभर धावतं वर्णन चालू असायचं. "अहो, स्टूल मध्ये आहे, डावीकडून या!" "अहो, दूध मी बघते, उठू नका!" "अहो, हा पोस्टमन आलाय, सही करायची नाहीये!" काका एकदा मला हसत म्हणाले होते, "मला दिसत नाही हे मला फक्त संध्याकाळी कळतं. ही देवळात जाते तेव्हा."

मग बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ काढली, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण घशातल्या दोन स्वरतंतूंपैकी एक हलायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. काही महिन्यांत परत येईल, किंवा नाही येणार. बाईंच्या तोंडून आता नुसती हवा यायची. जवळ कान नेला तर कुजबुज ऐकू यायची, खोलीच्या पलीकडे काहीच पोचायचं नाही. बिल्डिंग एवढी शांत झाली की वॉचमनलाही करमेना.

त्या दिवसांत मी रोज वर जायचे. एकदा काका खुर्चीत बसले होते, मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. बाई चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या जवळ वाकून म्हणाल्या, "चहा."

काका दचकले. "कोण आहे?"

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला. काकांनी त्यांचं मनगट चाचपलं, बांगड्या लागल्या. "अगं, तू होय," म्हणाले आणि ओशाळून चहा प्यायला लागले.

बाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मी मागून गेले. त्यांनी माझा कान जवळ ओढला. "बघितलंस? एवढा संसार झाला आणि नवरा विचारतो, कोण आहे. त्याची चूक नाही. कुजबुज सगळ्यांची सारखीच असते. तुझी, माझी, त्या वॉचमनची." मग म्हणाल्या, "हे मी चालू देणार नाही."

मला भरून आलं होतं. बाईंना तसलं काही आलं नव्हतं. आंतरशालेय स्पर्धेत आमचा लंगडीचा संघ हरत असताना त्यांचा जो चेहरा व्हायचा, तो मला तिथे दिसला.

त्यांच्या मुलीने नाशिकहून फोनवर सुचवलं, आई, तू पायात घुंगरू घाल ना, बाबांना कळेल. बाईंनी मला निरोप द्यायला सांगितला: "तिला विचार, मी गाय आहे का?"

वाट्यांचं सगळं सुरू झालं ते काकांच्या तळपायांपासून. डोळ्यांना थंडावा म्हणून बाई रोज संध्याकाळी त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायच्या. डोळे गेले तरी ती सवय मोडली नव्हती. आवाज गेल्यापासून काका रात्री तळमळायचे. घरात बाई कुठे आहेत ते कळत नसे, मग छातीत धडधडायला लागे, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले जात. एका संध्याकाळी घासता घासता बाईंची पाटली वाटीवर आपटली. टण्ण झालं. काकांनी पाय आखडून घेतला नाही. म्हणाले, "पुन्हा कर. गुडघ्यापर्यंत आलं."

बाईंनी पुन्हा केलं. मग वाटी पोटावर ठेवून वाजवली, मग छातीवर. काकांचे हात सैल पडले आणि ते तिथेच झोपले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला भांड्यांच्या दुकानात नेलं. नेलं म्हणजे त्यांना तोंड हवं होतं, ते मी. दुकानातल्या काशाच्या वाट्या, थाळ्या, सगळं बाईंनी फडताळातून खाली उतरवायला लावलं. एकेक वाटी बोटांच्या टोकांवर धरायच्या, पिशवीतून आणलेल्या लाकडी रवीने हलकेच मारायच्या आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभ्या राहायच्या. दुकानदाराचं बाकीचं गिऱ्हाईक खोळंबलं.

"मॅडम, लेना है तो लो ना. ये बजाने का आयटम नहीं है," तो म्हणाला.

बाईंनी माझा कान ओढला. मी भाषांतर केलं, "टीचर बोल रही हैं, आप भिंडी तोडके नहीं देखते क्या?"

"भिंडी और कांसा एक है क्या?"

"टीचर बोल रही हैं, दोनों में ताजा-बासी होता है. ये जो बीच में रुक जाती है, उसमें मिलावट है."

मिलावट शब्द ऐकून दोन बायका उठून गेल्या. दुकानदाराने घाईघाईने आतून जुन्या घडणीच्या जाड वाट्या काढून दिल्या, म्हणाला, हे घ्या आणि जा. त्यातल्या एकीचा नाद एवढा लांबला की मलाही श्वास धरून ठेवावासा वाटला. बाई विजयी मुद्रेने बाहेर पडल्या.

पाठोपाठ समोरच्या हंसाबेन आल्या. "टीचर, अंकल को नींद आती है, मेरा घुटना भी बजाओ ना." मग पहिल्या मजल्यावरून कुणी, मग गच्चीवर चालायला येणारी मंडळी. घरात जागा पुरेना. बाईंनी तळमजल्यावरची सोसायटीची खोली मागितली. सेक्रेटरी म्हणाले, तिथे आवाज करायला परवानगी नाही. बाईंनी माझ्याकरवी विचारलं, गणपतीत तुम्ही स्पीकर लावता त्याला काय म्हणता? सेक्रेटरींनी किल्ली दिली.

फलकावर मी सूचना लिहिली: 'काशाच्या वाट्यांनी विश्रांती. रविवारी सकाळी. येताना चटई आणावी.' इथे माझीच अक्कल कमी पडली. रविवारी सकाळी जे जे आले, ते पाय धुऊन आले. कुणाच्या हातात खोबरेल तेलाची बाटली, कुणाकडे एरंडेल, हंसाबेनच्या हातात गाईच्या तुपाचा डबा. चटया अंथरून सगळ्यांनी सलवारी, पायजमे पोटरीपर्यंत वर घेतले आणि बाईंकडे पाय करून पडून राहिले. आपल्याकडे काशाची वाटी म्हटली की माणूस तळपायच पुढे करणार.

बाई दारात उभ्या. समोर पायच पाय. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "ह्यांना सांग, मी कुणाचे पाय चोळायला बसलेली नाही."

मी म्हटलं, "कृपया सर्वांनी पाय मागे घ्यावेत."

दंडाला चिमटा बसला. "मी म्हटलं तेच सांग."

मग मी तेच सांगितलं, आणि बाईंच्याच पट्टीत. भराभर पाय आत गेले. हंसाबेन तेवढ्या उठून बसल्या. "तो घी का क्या करूं?"

"खाखऱ्याला लाव म्हणावं," बाई म्हणाल्या.

बाईंची विश्रांती म्हणजे कवायत असायची. त्या कुजबुजायच्या, मी ओरडायची. "डोळे मिट! खांदे सैल! पोट सैल! सेक्रेटरी, जबडा! जबडा सोडा!" कुणी कूस बदलली की चटईच्या कडेला रवीची टकटक व्हायची. पालथं झोपवून त्या एकेकाच्या पाठीवर वाटी ठेवायच्या, फडकं गुंडाळलेल्या रवीने हळूच मारायच्या आणि थांबायच्या. थांबण्यातच त्यांची सगळी करामत होती. आधीचा नाद संपल्याशिवाय दुसरा ठोका द्यायचा नाही, कितीही वेळ लागो. शेजारी कुणाचा कुकर शिट्ट्या मारत असायचा, रस्त्यावर रिक्षावाले भांडत असायचे. बाईंचं त्याकडे लक्ष नसायचं.

माझ्या पाठीवर पहिल्यांदा वाटी ठेवली तेव्हा मी मनातून हसत होते. ठोका पडला आणि मणक्यातून काहीतरी गोल गोल पसरत पार कानाच्या पाळीपर्यंत गेलं. ऑफिस, सासर, मुलाच्या परीक्षा, सगळं थोडा वेळ कुठेतरी लांब राहिलं. मी उठले तेव्हा चटईवर लाळ सांडली होती. बाईंनी ते बघितलं आणि मान डोलावली, जणू मी लांब उडीत पहिली आले होते.

एकदाच त्यांचा बेत सपशेल फसला. आमच्या शाळेत विजेची घंटा बसली होती आणि जुना पितळी टोल अडगळीत पडला होता. बाईंनी तो मुख्याध्यापकांकडून मागून आणला. एवढी मोठी पितळेची तबकडी, तिचा नाद केवढा असेल, या आनंदात त्यांनी ती खोलीत टांगली. सगळे छान पडले होते, काहीजण घोरत होते. बाईंनी मोगरी घेतली आणि टोलावर सावकाश, एकामागून एक, लांब ठोके द्यायला सुरुवात केली. त्या खोलीतली जवळजवळ सगळी माणसं आमच्याच शाळेत शिकलेली होती. लांब ठोके म्हणजे शाळा सुटली. एकेक जण ताडकन उठला, चटई गुंडाळली, चपला घातल्या. कुणी डोळेही नीट उघडले नव्हते. मी स्वतः दारापर्यंत पोचले होते. मागे वळून बघितलं तर बाई मोगरी हातात धरून उभ्या, आणि एकट्या हंसाबेन चटईवर. त्या गुजराती शाळेतल्या. बाई आवाज न करता हसत सुटल्या, इतक्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

बरं करण्याचा दावा मात्र त्यांनी कधी केला नाही, आणि कुणी केला तर त्याची धडगत नसे. सेक्रेटरींना बरं वाटायला लागलं तसं त्यांनी रक्तदाबाची गोळी सोडली आणि हे जिन्यात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. पुढच्या रविवारी बाईंनी त्यांना दारातच अडवलं. "गोळी घेऊन या. माझ्यासमोर घ्या. पाणी मी देते." सेक्रेटरी म्हणाले, बाई, तुमच्या वाटीनेच मला— बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वाटी भांड्याच्या दुकानातली आहे. गोळी डॉक्टरची आहे." ते वर जाऊन गोळी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर गिळली.

मीरा रोडहून एक तरुणही आला होता. त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, काचेच्या मोठमोठ्या वाट्या होत्या, डोक्यावर केसांचा अंबाडा होता. त्याला बाईंचा व्हिडिओ करायचा होता. "आंटी, आपकी स्टोरी बहुत पावरफुल है. आवाज गेला आणि नादाने परत आणला. लोकांना होप मिळेल."

बाईंनी त्याला चहा दिला, पोहे दिले आणि मला सांगितलं, "ह्याला सांग, माझा आवाज आलेला नाही. आला असता तर ह्याला मी गॅलरीतूनच हाकलला असता."

आवाज खरंच आलेला नव्हता. पण बाईंनी पाठ सोडली नव्हती. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टने त्यांना ओठ मिटून 'म' लांबवायचा व्यायाम दिला होता. बाईंनी त्याला स्वतःची कवायत जोडली. सकाळी चहाच्या आधी त्या गॅलरीत मांडी घालून बसायच्या. ती जाड वाटी डाव्या तळहातावर घेऊन छातीच्या मधल्या हाडाला टेकवायची, ठोका द्यायचा आणि तिचा नाद अंगात असेपर्यंत ओठ मिटून त्याला मिळायचं. काका मागे स्टुलावर बसायचे, त्यांचा पंजा बाईंच्या पाठीवर. कानांपेक्षा त्यांना हातावर भरवसा होता.

मी ऑफिसला निघताना दारातून डोकावायची. पहिले कित्येक दिवस नुसती हवा. ठोका पडायचा, वाटी बोलायची, बाईंच्या नाकातून फुसफुस व्हायची. काका म्हणायचे, "ही वाटी आहे. तू नाहीस." बाई मान हलवायच्या आणि पुन्हा ठोका. डोळ्यांत पाणी यायचं, मानेच्या शिरा फुगायच्या. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, एक दिवस राहू द्या ना. ताप आहे अंगात."

"तापात 'म' म्हणता येत नाही असं कुणी सांगितलं?"

"पण नुसत्या 'म'ने काय होणार? शब्द कुठे येतायत?"

त्यांनी मला खाली बसवलं. "शब्द नंतर. तू सांगतेसच की माझे शब्द. मी घरात आहे, हे त्यांना न विचारता कळलं पाहिजे. बास."

पावसाळा गेला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून मीटिंगा सुरू झाल्या, कोण कुठे भाड्याने जाणार याच्या चर्चा सुरू झाल्या. त्यातही बाईंची सकाळ चुकली नाही. आता ती बिल्डिंग नाही, आम्ही सगळे पांगलो, बाई आणि काका नाशिकला मुलीजवळ असतात. पण गॅलरीतलं ते दृश्य मला अजून कालच बघितल्यासारखं आठवतं. एके सकाळी मी चपला घालत होते आणि काका म्हणाले, "थांब. आत्ता काय केलंस ते परत कर." बाईंनी केलं. मला काही ऐकू आलं नाही. काका पंजा थोडा वर सरकवत म्हणाले, "इथे लागलं. खांद्याच्या खाली. ही वाटी नाही." त्यानंतर रोज मी विचारायची आणि काका क्रिकेटचा स्कोअर द्यावा तसं सांगायचे: आज मानेपर्यंत, आज काहीच नाही, आज परत मानेपर्यंत.

सोसायटी रिकामी करायच्या थोडे दिवस आधी बाईंची तपासणी होती. हॉस्पिटल मीरा रोडला. आम्ही तिघं रिक्षाने गेलो. काकांना बाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये औषधांच्या दुकानाशेजारी खुर्चीत बसवलं आणि आम्ही दोघी आत गेलो. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून स्क्रीनवर घसा दाखवला. मलाही दिसलं. एक तंतू पडद्यासारखा हलत होता आणि दुसरा जागच्या जागी. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "बंद पडलेला तंतू आता सुरू होईल असं मला वाटत नाही. तुम्ही जे करताय त्याने चालू असलेला तंतू त्याच्याकडे थोडा जास्त सरकतोय. पण पूर्वीसारखा आवाज येणार नाही. ही आशा ठेवू नका."

बाईंनी उठून त्यांना नमस्कार केला.

बाहेर पॅसेजमध्ये ही गर्दी. वर टीव्ही चालू, खिडकीवरची मुलगी माइकवरून नंबर पुकारतेय, कुणाचं तरी मूल भोकाड पसरून रडतंय. काका पार दुसऱ्या टोकाला, मान खाली घालून, दोन्ही हात काठीवर. हात आवळलेले होते, ते मला लांबूनही दिसलं. मी त्यांना आणायला निघाले तर बाईंनी माझं मनगट धरलं. मैदानावर धरायच्या तसंच घट्ट.

त्या ताठ उभ्या राहिल्या. हात छातीवर ठेवला. इथे वाटी नव्हती, पाठीवर पंजा नव्हता. त्यांनी डोळे मिटले, ओठ मिटले आणि दम घेतला.

मला आधी काही ऐकूच आलं नाही. मग आलं. चिरका, मध्येच तुटणारा, घोगरा असा एक सूर. तो त्यांच्या जुन्या आवाजासारखा मुळीच नव्हता. बाजूच्या बाकावरच्या माणसाने मोबाईलमधून वर बघितलं आणि परत खाली बघितलं. सूर तुटला. बाईंनी पुन्हा दम घेतला, पुन्हा लावला.

काकांनी मान वर केली. क्षणभर तशीच ठेवली. मग ते उठले. काठी पुढे करत, खुर्च्यांना चाटून, कुणाच्या पायाला लागून ते चालायला लागले, थेट आमच्याकडे. एका नर्सने त्यांचा दंड धरला, "काका, कुठे जायचंय?" काकांनी तिचा हात बाजूला केला. "काही नको. बायको उभी आहे तिथे."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती, ती मी पुसलीही नाही. बाई मात्र सूर सोडत नव्हत्या. ते अगदी समोर येऊन उभे राहिले तेव्हाच त्या थांबल्या.

"अगं, काय म्हणाले डॉक्टर?" काकांनी विचारलं.

सवयीने मी तोंड उघडलं. बाईंनी हात वर करून मला अडवलं आणि घशातली ती सगळी खरखर गोळा करून स्वतःच म्हणाल्या, "आवाज आता... असाच राहणार."

"राहू दे," काका म्हणाले. "तुझाच आहे."